भुंग्यांचा आडोसा

"बोटं डोळ्यांवर. अंगठ्यांनी कान घट्ट बंद. मी खांद्याला हात लावेपर्यंत कुणी डोळे उघडायचे नाहीत."

"काल लई वेळ लावला की, सर," शिवबाई म्हणाल्या. "भुंगा करता करता म्हातारपण आलं."

"ते आधीच आलं हुतं," मागून महेश्वरअण्णा.

सगळे हसले. कुंडलिकही हसला, जपून. हसण्यातूनच खोकला सुटायचा.

"घ्या, घ्या," शिवबाईंनी डोळे मिटले. "लागंल तेवढा वेळ घ्या."

श्वास घ्या.

जुळे सोलापुरातली कॉलनीची बाग. सकाळ. निवृत्त माणसं, कुणाचे गुडघे, कुणाची साखर, कुणाची उडालेली झोप. शिकवणारा कुंडलिक. त्याची फुप्फुसं गिरणीतल्या कापसाच्या धुळीनं खाल्लेली. गिरणी बंद पडली, धूळ आत राहिली. प्राणायामानं मधली काही वर्षं तगवलं, त्याच जोरावर तो शिकवायला लागला. आता तो जोरही सरला होता. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला आणि नुसतीच मान हलवली. कुंभारी गावातल्या घरात त्याची बायको बजाबाई रोज म्हणायची, "गावाला वारा वाटत फिरतोय, आन् सोत्ताच्या घरात न्हाय."

थांबा.

पण वर्ग सोडला तर तो कोण? गिरणीचा उरलेला एक खोकला. आणि धापा टाकणाऱ्याकडून श्वास कोण शिकेल?

म्हणून भ्रामरी. सगळ्यांचे डोळे बंद, कान बंद, डोक्यात ज्याची त्याची गुणगुण. तेवढ्यात तो बागेतल्या लिंबाच्या झाडाकडे तोंड करायचा. टॉवेलात खोकायचा, दम्याचा पंप ओढायचा, डोळे पुसायचा. मग एकेकाच्या खांद्याला हात. भ्रामरी रोज लांबत चालली होती. धास्ती एकच. सगळे एकदम श्वास घ्यायला थांबत, ती मधली शांतता. तेवढ्यात खोकला निसटला तर बंद कानांतूनही शिरेल.

सोडा.

गुणगुण सुरू झाली. तो वळला. खोकला आला. पंप ओढला.

पंप रिकामा.

पुन्हा ओढला. नुसती टिचकी.

खोकला थांबेना. टॉवेल तोंडात कोंबला. गुडघे टेकले. माती. लिंबाचं मूळ. छातीत काही

शिरेना.

आता शांतता होईल. आता. सगळ्यांना कळेल.

झाली नाही.

शिवबाईंचा बारीक सूर संपत आला. तुटायच्या आत महेश्वरअण्णांच्या जाड सुरानं तो उचलला. तो सरायच्या आत तिसऱ्या कुणीतरी. मध्ये फट नाही. त्याचा खोकला चढला की गुणगुण चढत होती. तो निवला की निवत होती.

त्यानंच शिकवलं होतं, कान बंद केले की आपलीच गुणगुण ऐकू येते, शेजारच्याची नाही. मग यांना एकमेकांचे श्वास कसे कळत होते?

तोंडावर टॉवेल धरून त्यानं मान वळवली.

डोळे सगळ्यांचे मिटलेले. अगदी प्रामाणिकपणे. अंगठे मात्र गालांवर टेकलेले, जणू त्यांची रोजची जागा तीच.

एकाही कानावर अंगठा नव्हता.