चौथा मजला

खांबाला दोर गुंडाळता गुंडाळता रंगारी आपल्या गोष्टीत चौथ्या मजल्यावरून पडला. खरं तर तो पडला होता दुसऱ्या मजल्यावरून. पण दोन वर्षं सांगून सांगून मजले चढले होते. गच्चीची किल्ली घेऊन आलेला वॉचमन उकिडवा बसून ऐकत होता, आणि नवा ऐकणारा भेटला की रंगाऱ्याला चेव येई.

आवाज मात्र त्याने खाली ठेवला होता. कारण ज्याच्यामुळे तो पडला तो मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, आत्ता कठड्यापलीकडे याच दोराच्या टोकाला फळीवर बसला होता, सातव्या मजल्यावर. लोक म्हणतात चूक झाली, रंगारी सांगत होता. पण दहा वर्षं दोर बांधणाऱ्याची अशी चूक होते का? त्याच्या मनातच काळं होतं. तरी आपण चर्चमध्ये सगळ्या मंडळीसमोर लंगडत उभं राहून त्याला क्षमा केली. पाळकांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हापासून दर रविवारी आजाऱ्यांसाठी प्रार्थना होते, तेव्हा पहिलं नाव आपलंच असतं.

लंगड्याला गच्चीवरचं काम तरी द्या म्हणून ठेकेदाराच्या हातापाया पडला होता तोही मेहुणाच. ते गोष्टीत येत नसे.

“बांधला कसला, नुसता गुंडाळला होता. हा असा,” म्हणत त्याने हातातला दोर खांबाला सैलसर गुंडाळून दाखवला. वॉचमन चुकचुकला. तेवढ्यात खालून मेहुण्याने विचारलं, झालं का? वरच्याने दोन गाठी मारायच्या आणि मोठ्याने ‘बांधली’ म्हणायचं, त्यानंतरच खालच्याने खिडकीची चौकट सोडून ब्रश उचलायचा, असा त्या अपघातानंतर नियमच झाला होता.

“बांधली,” रंगारी सवयीने ओरडला.

गोष्ट इथेच थांबवा, चहा घेऊन येतो, असं म्हणून वॉचमन जिना उतरला. रंगारी डब्यावर बसला, दुखरा पाय लांब केला. जरा वेळाने मेहुण्याचा आवाज आला. “भावोजी, फळी सरकल्यासारखी वाटते.”

रंगाऱ्याने खांबाकडे पाहिलं. गाठ नव्हती. त्याने वॉचमनला दाखवलेला वेढा तसाच होता आणि दोर त्यातून गोगलगायीसारखा पुढे चालला होता. मागे जेमतेम दोन हात शेपूट उरलं होतं.

त्याने झेप घालून ते धरलं. पाय खांबाला टेकवला, तसा तो मोडला होता त्याच जागी कळ उठली. दोर थांबला, पुन्हा बोटभर सरकला, तळहाताची साल घेऊन गेला. गाठ मारायला लांबी नव्हती आणि हात सोडायची सोय नव्हती. हाक मारावी तर वॉचमन सात मजले खाली.

मेहुणा पडला तर? लोक विचारतील, दोर कोणी बांधला होता. मग वॉचमन सांगेल, तासभर त्याच्याच नावाने खडे फोडत होते. बायको ऐकेल. मंडळी ऐकेल. चूक झाली म्हटलं तर कोण विश्वास ठेवणार? चूक होत नसते, हे त्यानेच तर घरोघर पटवून दिलं होतं.

मेहुणाही तेव्हा हेच म्हणत होता. हॉस्पिटलच्या खाटेशी उभा राहून, रडत, चूक झाली भावोजी. रंगाऱ्याला ते आत्ता ऐकू आलं.

देवा, त्याला वाचव, तो पुटपुटला. मग पुन्हा तेच. आपल्या पायाची आठवणही त्याला झाली नाही.

“शेजारची खिडकी उघडी आहे का?” त्याने शक्य तितक्या शांतपणे विचारलं.

“आहे. का?”

“हळूच आत जा. दोराला झटका देऊ नकोस.”

“अहो, पण का?”

दोर आणखी बोटभर सरकला. आता काही सांगितल्याशिवाय तो हलणार नव्हता. रंगाऱ्याने डोळे मिटले.

“मी गाठ मारलेली नाही.”

दोराला जोरात हिसका बसला आणि तो एकदम हलका झाला. मेहुणा खिडकीत गेला की खाली गेला, हे इथून दिसत नव्हतं. कठड्यापर्यंत जायला दोर सोडावा लागला असता, आणि तो सोडायचं धाडस त्याला होईना. रिकामा दोर छातीशी धरून तो बसून राहिला. रस्त्यावरून कोणी ओरडलं, की तो दोर आणखी घट्ट आवळी.

जिन्यात पावलं वाजली. दारात मेहुणा आला. चेहरा पांढराफटक, अंगावर रंगाचे शिंतोडे. तो खांबापाशी आला, तो सैल वेढा बघत उभा राहिला. त्याला तो ओळखीचा असावा. मग खाली बसला, भावोजींची बोटं एकेक करून दोरावरून सोडवली, आणि डोक्याचा रुमाल काढून रक्ताळलेल्या तळहातांना बांधू लागला.

“चूक झाली रे,” रंगारी म्हणाला.

“माहीत आहे,” मेहुणा म्हणाला.

तेवढ्यात वॉचमन तीन कप सांभाळत वर आला. घडलेल्याचा त्याला पत्ताही नव्हता. मेहुण्याला बघून तो जरा घुटमळला, पण गोष्ट अर्धी राहिलेली त्याला सोसवेना.

“हं, मग?” त्याने विचारलं. “चौथ्या मजल्यावरून पडलात, आणि पुढे?”

“दुसऱ्या,” रंगारी म्हणाला. “दुसऱ्या मजल्यावरून.”