काठोकाठ

"तुझ्या बाबांना सांग, भाऊ एवढा लाडका असेल तर त्याच्याकडेच राहायला जा म्हणावं!"

बाबा समोरच बसले होते, हातभर अंतरावर. तरी निरोप मेरिममार्फत.

"आणि तुझ्या आईला सांग, माहेर तिलाही आहे. वाट माहीत नसेल तर मी दाखवतो!"

भांडण घोडीचं होतं. बाबांनी आईला न विचारता घरची घोडी पुतण्याच्या लग्नाच्या जेवणासाठी कापायला दिली. लग्न झालं, पाहुणे ढेकर देऊन गेले आणि घोडी विसरलेही. आई विसरली नाही. बाबांची पिशवी परवापासून दाराशी भरून ठेवलेली होती. शाळेतून आल्यावर मेरिम आधी ती पिशवी जागेवर आहे ना, ते बघायची आणि मगच बूट काढायची.

चहा ओतायचं काम तिचं. शाळेतल्या समुपदेशक जिपाराताईंनी तिला सांगितलं होतं, "भांडण सुरू झालं की त्यांच्या आवाजामागे जाऊ नकोस. हातातल्या कामाकडे बघ आणि सावकाश श्वास सोड." मेरिमने आठवडाभर इमानेइतबारे करून पाहिलं. किटलीकडे बघितलं, धारेकडे बघितलं, वाफेकडे बघितलं. श्वास सोडून सोडून चक्कर यायची वेळ आली, भांडण मात्र जिथल्या तिथे. जिपाराताईंच्या घरी कुणी भांडत नसावं, नाहीतर त्यांना असलं काही सुचलंच नसतं. मेरिमला त्यांचा राग आला होता, आई-बाबांचा तर वीटच आला होता.

चहाचा वाडगा अर्धाच भरायचा, हे किर्गिझ डोंगरातल्या नारिनमध्ये शेंबड्या पोरालाही कळतं. अर्धा म्हणजे बसा, पुन्हा ओतते. काठोकाठ म्हणजे प्या आणि चालू पडा. गेल्या हिवाळ्यात चिकटून बसलेल्या एका विमेवाल्याला आईने असाच भरलेला वाडगा देऊन वाटेला लावलं होतं.

"नुसतं जातो जातो म्हणतात. आज तरी निघा म्हणावं!"

"निघतोच! चहा घेतला की निघालो!"

मेरिमने सावकाश श्वास सोडला. धारेकडे बघितलं. अर्ध्यावर धार थांबली नाही, तिने थांबवलीच नाही. एक वाडगा बाबांना दिला, दुसरा आईला. भांडणाच्या भरात दोघांनीही न बघता हात पुढे केले.

चटका बसला तेव्हा खाली बघितलं. वाडगे इतके भरलेले की ठेवायला जावं तर चहा समोर मांडलेल्या नानवर सांडायचा.

"हे काय गं?" बाबा म्हणाले.

"तुम्ही म्हणता आईने जावं. आई म्हणते तुम्ही जावं. मी दोघांचंही ऐकलं. प्या आणि निघा."

कुणी ओरडलं नाही. जरा हललं तरी हात भाजला असता. दोघंही वाडग्यावर डोळे लावून सावकाश फुंकर घालत राहिले. श्वास अडकला होता तो मेरिमचाच.

बाबांनी एकदा दाराशी ठेवलेल्या पिशवीकडे बघितलं. मग वाडगा जपून मेरिमपुढे धरला.

"थोडा कमी कर, पोरी."

"आधी माझा," आई म्हणाली.