कोण कुठून जन्मलं

“आज लोकायच्या जन्माच्या गोष्टी मी सांगतो,” देवराव म्हणाला आणि ईश्वरदासच्या हातातल्या कवड्या त्यानं काढूनच घेतल्या.

ओसरीवर बसलेल्या पोरापोरींनी एकमेकांकडे पाहिलं. हे काही ठरलेलं नव्हतं. खेळ दोघा मित्रांनी मिळून बनवला होता, हे खरं. हिंगण्याच्या कारखान्यातली शिफ्ट करून आल्यावर देवराव मांजरपाटावर महिनोन्‌महिने खपला होता. आख्खा मुलूख रंगवला त्यानं. डोंगर, नद्या, किल्ले, विहिरी, सगळं. नियमही त्याचेच. आणि ईश्वरदासनं काय केलं? विणकराचं पोरगं ते, घरच्या मागावरच्या रिकाम्या कांड्या आणून त्यांच्या सोंगट्या केल्या. आणि त्या मुलखातले लोक कुठून आले, कोण धुक्यातून निपजलं, कोण वारुळातून, याच्या गोष्टी रचल्या. बस्स, एवढंच.

पण रविवारी दुपारी सगळे यायचे ते या गोष्टींसाठीच. आधी गोष्ट ऐकायची, मग ज्यांचा जन्म आवडेल ते लोक घेऊन खेळायला बसायचं, अशी रीतच पडली होती. देवरावच्या मुलखाकडे कुणी ढुंकून बघत नसे. शेजारची पुष्पलता तर दर वेळी ईश्वरदासचे नदीवाले मागायची, आणि वर त्याला सांगायची की तुम्ही सांगितलं की डोळ्यांपुढं उभंच राहतं. देवरावचा नुसता जळफळाट व्हायचा. घर माझं, मुलूख माझा, आणि वाहवा मात्र या लेकाची!

म्हणून आज त्यानं गोष्ट स्वतः सांगितली, आणि रंगून सांगितली. सगळ्यांच्या आधी एक महाकाय राजा होता. त्याच्या तोंडातून निघाले डोंगरवाले. ते अर्थातच देवरावचे. छातीतून निघाले किल्लेवाले. आणि पायातून निघाले ते नदीवाले. म्हणून नदीवाल्यांनी किल्ल्यात शिरायचं नाही, विहिरीच्या घरात थांबायचं नाही, आणि डोंगरवाला समोर आला की वाट सोडून मागं सरायचं. ही गोष्ट कशी सुचली ते त्याचं त्यालाही कळलं नाही. जिभेवर आधीच तयार असल्यासारखी भराभर आली. पोरं खो खो हसली. पुष्पलताही हसली आणि तिनं पहिल्यांदाच देवरावच्या डोंगरवाल्यांत वाटा मागितला.

नदीवाले घ्यायला कुणी तयार होईना. शेवटी ईश्वरदासनंच ते घेतले. वाद घालणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याची कांडी विहिरीशी आली तेव्हा देवरावनं नवा नियम ऐकवला, आणि ईश्वरदासनं ती मागं घेतली. देवरावला इतकं बरं वाटलं की विचारू नका.

तेवढ्यात त्याची आई, अंजनाबाई, बाहेर आली. आत दारापाशीच ती तांदूळ निवडत बसली होती, तिनं सगळं ऐकलं होतं. छप्पन साली पांढरं लुगडं नेसून, तान्ह्या देवरावला कडेवर घेऊन, तिनं इथंच नागपुरात दीक्षा घेतली होती. त्याआधी गावच्या विहिरीला तिनं कधी हात लावला नव्हता. लांब उभं राहायचं आणि कुणी वरून पाणी ओतेल याची वाट बघायची. देवरावला तिनं हे कधी सांगितलं नव्हतं. पोराच्या कानावर ते पडूच नये, असं तिला वाटायचं.

ती वाकली, मांडलेला डाव नीट पाहिला. “यातले तुहे लोक कोणते गा?” तिनं विचारलं.

देवरावनं मोठ्या ऐटीत डोंगरवाले दाखवले.

अंजनाबाई रागावली नाही. तिनं ईश्वरदासला जरा सरकायला सांगितलं आणि त्याच्या शेजारी मांडी घालून बसली.

“मले पायातले दे,” ती म्हणाली. “त्यायचं खेळणं मले येते.”