राहू दे

वादळात तारा तुटल्या आणि दुपारी वीज गेली ती गेलीच. हीटर बंद, शेगडी बंद, आणि बाहेर हाडं गोठवणारी थंडी. संध्याकाळी खाटेजवळच्या स्टुलावरच्या ऑर्किडचं एक पान मान टाकून लोंबू लागलं.

इस्त्रीवाल्याला फुलांचं काडीचं कौतुक नव्हतं. पण पक्षाघाताच्या झटक्यानंतर बायकोनं उशीवरची मान म्हणून हलवली नव्हती, आणि गेल्या आठवड्यात दांडीवर कळी दिसली तेव्हा आपणहून तिकडे वळवली. आता दिवसभर ती कळीकडेच बघायची. कळी गळाली तर ही पुन्हा ओंडक्यासारखी पडून राहील, एवढंच त्याला दिसत होतं.

त्यानं माळ्यावरून बापाच्या वेळची कोळशाची इस्त्री काढली. निखारे खोलीत नेले तर माणसंच गुदमरायची, म्हणून तो बाहेर पायरीवर चादर तापवायचा, उराशी धरून आत पळायचा आणि कुंडीभोवती गुंडाळायचा. निवली की पुन्हा बाहेर.

"बाबा, या गिऱ्हाइकांच्या चादरी आहेत," लेक म्हणाली.

"मग इस्त्रीच तर करतोय. एकदा सांगितली होती, दहादा करतोय."

पुढच्या खेपेला लेकीनं कुंडीवरच्या चादरीला हात लावला. "ही ओली आहे, बाबा."

त्यानं पायरीवरच्या पाण्याच्या वाटीकडे पाहिलं. वाटी रिकामी होत आली होती. आधी पाणी शिंपडायचं, मग इस्त्री फिरवायची. हातानं जन्मभराची सवय पाळली आणि डोक्याला पत्ता लागला नाही. ऊब उडून जात होती, ओल तेवढी कुंडीशी राहत होती. इतका वेळ तो कळीला स्वतःच्या हातानं गारठवत होता.

त्यानं चादर ओढून काढली. आणखी एक पान लिबलिबीत झालं होतं. कळी अजून होती.

"मीच घालवलं गं सगळं," तो बायकोला म्हणाला.

"राहू दे."

झटक्यानंतर तिच्यापाशी एवढे दोनच शब्द उरले होते. भूक लागली तरी राहू दे, पाठ दुखली तरी राहू दे. घरानं आता त्याचा अर्थ लावणं सोडलं होतं.

"कसं राहू दे?" तो रडकुंडीला आला. कुंडी उचलून दाराकडे निघाला. "निखाऱ्यांपाशी तरी ठेवतो."

"बाहेर? अहो बाबा, तिथे क्षणात गोठेल ती."

तो थांबला नसता. पण खाटेजवळून जाताना बायकोच्या धड राहिलेल्या हातानं कुंडीचा काठ पकडला. त्यानं सोडवायला पाहिलं, बोटं सुटेनात.

"राहू दे," ती म्हणाली, आणि कुंडी स्वतःकडे ओढू लागली.

त्यानं आपली पकड सैल केली. मग वाकून त्यानं तिच्या अंगावरचं पांघरूण उचललं. कुंडी तिच्या कुशीत गेली, कळी हनुवटीपाशी आली.

"कुंडीतली लाकडाची सालपटं सांडतील," लेक म्हणाली. "चादर खराब होईल, बाबा."

"राहू दे," तो म्हणाला.