आई आणि आपले पाय

"हे बघ सतीश, येतो म्हन न्हाईतर येत न्हाई म्हन. तुज्या बापाचा पहिला स्मृतिदिन हाय. बुद्ध इहारात मी लोकांस्नी काय सांगू?"

भिमाबाईंनी फोन शेवयांच्या डब्याला टेकवून ठेवला होता. फोनमध्ये सतीश, त्याच्या मागे अमेरिकेतलं चकचकीत स्वयंपाकघर. पोरगं मोठं गोड! आजवर आईला कधी 'नाही' म्हणालं नाही. फक्त 'हो'सुद्धा म्हणत नाही.

"तुला कोण नाही म्हणेल, आई?" तो हसला. "इथले लोक तर म्हणतात, आई आणि ॲपल पाय, ह्या दोन गोष्टींना नाही म्हणणारा माणूस अजून जन्मला नाही."

भिमाबाई तेवढ्यावरच विरघळल्या.

"खरं बोलतेत रं! आई आन् आपले पाय. मानूस कुटं का जाईना, आपले पाय घराकडंच वडतेत. तितल्या लोकांस्नी बी कळतंय की!"

आणि उठल्याच. गुडघे कुरकुरले, कुरकुरू देत. पार तेलगावच्या ष्टँडपर्यंत ऐकू जाईल असा आवाज त्यांनी भिंतीपलीकडच्या शेजारणीला दिला.

"आगं ए जाहेदा! सतीश येतोय गं माजा! तितं पाय ठरंना झालाय त्येचा!"

"आई, आई, ऐक तरी," फोन बोलला. "आपले पाय नाहीत गं. ॲपल पाय. सफरचंदाचं सारण भरून भट्टीत भाजतात. कानवल्यासारखं काहीतरी. खायचं असतं ते."

"खायचं?"

"हो."

भिमाबाई परत येऊन बसल्या. त्यांना एकदम भडभडून आलं, आणि स्वतःचीच लाजही वाटली.

"मला वाटलं, तुजे पाय म्हनतोस. मंग तुजं येनं?"

"बघतो ना, आई. सुट्टीचं बघतो."

"बघ बाबा."

फोन बंद झाला, तोवर भिंतीवरून जाहेदाचं डोकं वर आलं. तोंडभर हसू.

"मावशी, कवा येतोय सतीशभाई? त्या दिवशी बिर्याणी माझ्याकडं, आधीच सांगून ठेवते!"

भिमाबाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"येत न्हाई गं," त्या म्हणाल्या. "पर तिकडं आईला लई मान हाय म्हनं."