मास्तरांचा होकार

मास्तरांचा तिसरा नकार आला तेव्हा ती सासऱ्यांच्या खोलीच्या दारात होती. फोन वाजला, पण तिने आधी सासऱ्यांची कूस बदलली, पाठीला उशी लावली, त्यांच्या संगणकाचा पडदा त्या बाजूला सरकवला. पडद्यावर पत्त्यांचा डाव मांडलेला होता. मग तिने निरोप वाचला.

"अर्ध्या मिनिटात सहा आकडे? सगळ्यांची बोटं तुझ्यासारखी पळत नाहीत. लॉगिन अजून सोपं कर."

"बाबा, हा माणूस माझा जीव घेणार बघा."

सासरे काय बोलणार? आजारपणात हातपाय गेले, आवाजही गेला. उरले डोळे. म्हणून नवऱ्याने नजरेवर चालणारा हा पडदा बसवला होता. त्यावर ते दिवसभर पत्ते खेळत, काही हवं असलं की घंटी वाजवत.

निरोपांची ॲप बनवणारे जगभरातले लोक मास्तरांची लायब्ररी, म्हणजे त्यांनी लिहून ठेवलेला आयता कोड, फुकट वापरत. मास्तर कोण, कुठले, कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांचा कोड वाचताना मात्र तिचे हात आपोआप जोडले जात. एवढं अवघड काम एवढ्या साधेपणाने कुणी करू शकतं, यावर तिचा विश्वासच बसत नसे. आता त्याच लायब्ररीचं लॉगिन तिने अंगावर घेतलं होतं. मास्तर हो म्हणाले तर घरून करायची नोकरी पक्की होती. सासऱ्यांना सोडून बाहेर जाणं तिला जमणार नव्हतं.

"आकडे काढूनच टाकते," ती म्हणाली. "यंत्राची एकदा ओळख पटली, की पुढे नुसतं एक बटण. कसं?"

सासऱ्यांनी डोळे मिचकावले.

"तुमचं बरंय. खेळा पत्ते."

शेजारच्या खोलीत ती कामात बुडून गेली. वीस ओळींच्या जागी एकच उरली. मध्येच घंटी वाजली. "आले हं बाबा, दोनच मिनिटं," ती म्हणाली आणि साफ विसरली. काम पाठवलं आणि जीव मुठीत धरून बसली.

मास्तर लिहीत आहेत, एवढंच बराच वेळ दिसत राहिलं. ते नेहमीच सावकाश लिहीत. शेवटी उत्तर आलं.

"स्वीकारलं. पहिल्याच नजरेत आत आलो. आता जरा कूस बदल सूनबाई, पाठ अवघडलीय."