आपल्या उसाचं पेट्रोल

विमानाचा पंखा गपकन थांबला आणि चेअरमन आबांनी शेजारच्या कॅप्टन मोघ्यांचा दंड गच्च धरला.

"कॅप्टन, पंखा का बंद केला?"

"मी नाही केला, आबा. पंपावरचं पेट्रोल भरायचा हट्ट तुमचा होता."

हट्ट होताच. आपल्या साखर कारखान्याचं इथेनॉल ज्या पेट्रोलात मिसळतात, त्याच्यावरच आपलं विमान उडणार, असं आबांनी भर सभेत छाती ठोकून सांगितलं होतं.

"अहो, पण वरून ती औषधाची बाटली ओतली होती ना? दुकानदार म्हणाला, ही टाकली की गाडीचं पेट्रोल विमानाला चालतंय!"

"बाटली काय करणार? इथेनॉलनं रबरी नळ्या खाल्ल्या. आता देवाचं नाव घ्या."

आबांना एकही देव आठवेना. डोळ्यांपुढून नुसतं संचालक मंडळ गेलं, आणि त्यात व्हाईस चेअरमन हसत होता.

खालचा हिरवागार ऊस भराभर वर आला. विमान त्यात घुसलं, सगळा फड आडवा करत गेलं आणि बांधाला नाक टेकून थांबलं.

आपण जिवंत आहोत का, हे चाचपतच आबा बाहेर आले. समोर शेताचा मालक बापू खोत हात जोडून उभा, डोळ्यांत पाणी.

"आबा, उसाला तुरे आले तरी कारखान्याची टोळी काय तोडायला येईना. शेवटी तुम्ही स्वतः आलासा!"

बापूनं आडव्या झालेल्या फडाकडे हात केला.

"आता उचलायला ट्रॅक्टर कधी धाडतायसा?"